वस्त्रांचा इतिहास आणि हाताचे मोल



ह्या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते शिंप्याच्या दुकानात, वाचनालयात आणि कामगार संघटनेच्या कचेरीत झाले. चालकांनी विचारले, "कशावर बोलाल?" त्यांची अपेक्षा संप, बोनस, किमान वेतन अशी असावी. आम्ही म्हटले, आम्ही कपड्यावर बोलू. ते जरा चकित झाले. पण मंडळी, विचार करा. ह्या मंडपात एखादा उपाशी माणूस बसलेला असू शकेल, उघडा मात्र कोणी नाही. ज्या वस्तूवाचून आपण चारचौघांत येऊ शकत नाही, ती कोणी केली, किती वेळात केली आणि करणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? संप, बोनस आणि किमान वेतन हे सगळे त्या एका प्रश्नाच्या पोटात आहे.

हा प्रश्न मूळचा आमचा नव्हे, आमच्या उस्तादांचा. १९८२ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, वडिलांनी आम्हाला बाजारातल्या एका दर्ज्याच्या दुकानात बसविले. काज करणे, बटणे लावणे, तुरपाई घालणे आणि इस्त्रीत कोळसे भरणे ही आमची कामे. उस्तादांना अक्षरओळख नव्हती. दुपारी गिऱ्हाईक कमी असे, तेव्हा वर्तमानपत्र आम्ही मोठ्याने वाचावयाचे. त्या वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. एके दिवशी बातमी ऐकता ऐकता उस्तादांनी हातातला सदरा वर धरला आणि विचारले, "बेटा, इसमें कितने आदमी हैं?" आम्ही म्हटले, "एक. आप." उस्ताद हसले आणि बोटे मोजू लागले. कापूस वेचणारी बाई, सरकी काढणारा, पिंजणारा, कातणारा, कांड्या भरणारी, ताणा लावणारा, खळ देणारा, विणणारा, रंगविणारा, गठ्ठे वाहणारा हमाल, कापडाच्या दुकानातला नोकर, मग ते स्वतः, आणि शेवटी काज करणारे आम्ही. तेरा माणसे झाली. "और सेठ ने पैसा किस को दिया?" असे म्हणून त्यांनी पुन्हा मशीन चालू केली.

आज आम्ही बोलणार आहोत तो ह्याच मोजणीचा विस्तार आहे.

प्रथम आपल्या घरचे पाहू. लातूरच्या शेजारच्या जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. आज तेथे एसटीने गेलात तर गोरोबाकाकांचे मंदिर आणि एक वस्तुसंग्रहालय दिसेल. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची जी पोथी लिहिली, तिच्यात ह्या गावाचे नाव आहे. त्याने तेरला 'तगर' म्हटले आहे आणि पैठणला 'पैठान'. तो लिहितो की, तगरहून पुष्कळसे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येते. रस्ता वाईट, असेही त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे मंडळी, मराठवाड्याचे रस्ते वाईट असल्याची तक्रार दोन हजार वर्षांची जुनी आहे! पण त्या वाईट रस्त्यावरून आपले कापड तांबड्या समुद्रापलीकडे जात होते, हेही तितकेच जुने आहे.

पुढे पैठणची पैठणी झाली, औरंगाबादचे हिमरू आणि मशरू झाले. आपल्या नांदेडची मलमल निजामी अमलातल्या जुन्या गॅझेटियरात नावाजलेली आहे. आज नांदेडच्या तरुणाला मलमल कोठे विणली जात होती असे विचारले, तर तो तुमच्याकडेच पाहत राहील. साळी, कोष्टी, पद्मशाली, पिंजारी, रंगारी, शिंपी, घोंगडी विणणारे धनगर अशा कितीतरी जातींची नावे ह्या एका धंद्यातून चालत आली. संत नामदेव शिंप्याच्या घरचे, आणि त्यांचे नरसी गाव येथून फार लांब नाही. कबीर विणकराच्या घरचे. आम्हाला ह्याचा अभिमान आहे. पण अभिमानाने बोलणारी मंडळी एक गोष्ट गाळतात, ती आम्ही सांगतो. आपल्या समाजाने ह्या हातांचे अभंग डोक्यावर घेतले आणि हातांना मात्र जातीच्या खुंटीला बांधून ठेवले. विणकराचा मुलगा विणकर आणि शिंप्याचा मुलगा शिंपी. मोबदला अनेकदा सुगीच्या धान्याचा, आणि तो देणाऱ्याच्या मर्जीचा. मागावर बसतो त्याला निदान विणकर तरी म्हणत. सूत उकलणारी, कांड्या भरणारी त्याची बायको आणि मुलगी ह्यांना नावही नव्हते आणि मजुरीही नव्हती. 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांनी एकदा खड्डामागाच्या त्या ओल्या खड्ड्यात पाय सोडून दहा तास बसून पाहावे.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला तेथल्या तीन हकीकती फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली लंडनची. सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचे छापील सुती कापड इंग्लंडात इतके खपू लागले की, तेथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचे माग थंडावले. १७१९ साली स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले आणि त्यांनी काय केले? आपल्याकडचे छापील चीट अंगात घातलेल्या बायका दिसल्या की, त्यांचे कपडे भर रस्त्यात फाडले. १७२१ साली पार्लमेंटने असे कापड वापरण्यावरच बंदी घातली. विणकर उपाशी होते हे खरे आणि त्यांचा संतापही खरा. पण तो उतरला कोणावर? रस्त्याने चाललेल्या एखाद्या मोलकरणीवर. आणि ज्या कापडाने हे घडले, ते विणणारे लोक आपल्याइतकेच गरीब आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हते.

दुसरी हकीकत नॉटिंगहॅमची. १७३३ साली धावता धोटा निघाला, १७६४ च्या सुमारास एकावेळी अनेक सुते काढणारा चरखा निघाला आणि १७८५ साली यंत्रमाग. १८११ पासून मोजे विणणाऱ्या कारागिरांनी रात्री टोळ्या करून मालकांचे माग फोडण्यास सुरुवात केली. १८१२ साली माग फोडणाऱ्यास फाशीची शिक्षा देणारा कायदा झाला. कवी बायरन ह्याने लॉर्डांच्या सभेत आपले पहिले भाषण ह्या कायद्याविरुद्ध केले. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या लोकांना यंत्राचे शत्रू म्हणून हसतात. वास्तविक त्यांतले बरेच जण जन्मभर मागावरच बसलेले होते. त्यांची तक्रार अशी की, मालक हलका माल काढून दर पाडतो आणि न शिकलेल्या पोरांना बसवून शिकलेल्यांना घरी पाठवितो. म्हणजे तक्रार दराची होती. ती ऐकण्याची सोय नव्हती, कारण कामगारांची संघटना हाच त्या काळी गुन्हा होता.

तिसरी हकीकत पॅरिसची. ती आमच्या अंगाला लागलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिमोनिए नावाचा एक गरीब फ्रेंच शिंपी होता. त्याने लाकडाचे शिवणयंत्र केले आणि १८३० साली त्याचा हक्क नोंदविला. पॅरिसमध्ये कारखाना निघाला, सुमारे ऐंशी यंत्रे लागली आणि सैन्याचे गणवेश शिवण्याचे काम आले. १८३१ साली शहरातले शिंपी चालून आले आणि त्यांनी ती यंत्रे मोडून टाकली. तिमोनिए जीव घेऊन पळाला. पुढे १८५७ साली तो दारिद्र्यात मेला. शिंप्यांनी शिंप्याचेच घर मोडले, आणि यंत्र काही थांबले नाही. १८४६ साली अमेरिकेत होवेने आणि १८५१ साली सिंगरने आपापल्या यंत्राचा हक्क घेतला. त्याच यंत्राची नातवंडे-पतवंडे आज आपल्या गल्लोगल्ली खडखडत आहेत.

ही हकीकत वाचनालयात प्रथम वाचली तेव्हा आमच्या अंगावर काटा आला, कारण तीच चूक आम्ही स्वतः केली होती. तयार कपड्यांची दुकाने आपल्याकडे वाढू लागली त्या वेळी आम्ही तरुण होतो आणि शिंप्यांची संघटना नवीनच बांधली होती. मोठ्या जोशात ठराव केला की, दुकानातून आणलेल्या तयार कपड्याची उंची-रुंदी कमीजास्त करून देण्याचे काम कोणाही सभासदाने हाती धरू नये. टाळ्या पडल्या. महिनाभरात एका दुकानदाराने आपल्याच दाराशी एक मशीन टाकले आणि त्यावर एक पोऱ्या बसविला. आमच्या सभासदांचे ते काम कायमचे गेले. तिघांच्या घरी चूल पेटण्याचे वांधे झाले. त्यांतले एक वयस्क गृहस्थ आमच्या कचेरीत येऊन शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुम्ही कपड्याशी भांडलात. दुकानदाराशी दर ठरवायला पाहिजे होता." आमच्या तीस वर्षांच्या चळवळीत इतके शहाणपण आम्हाला कोणत्याही पुढाऱ्याने शिकविले नाही.

म्हणून मंडळी, हात विरुद्ध यंत्र हा सामना आम्हाला खोटा वाटतो. यंत्राने आमच्या आयाबहिणींचे कष्ट वाचविले आहेत. मुंबईत १८५६ साली पहिली सुताची गिरणी चालू झाली. तीत आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्यांत आपल्या लाखो माणसांनी पोट भरले. पण तेथेही आठवड्याची सुटी कोणी आपण होऊन दिली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले, तेव्हा १८९० साली रविवार मोकळा मिळाला. आपण उद्या रविवारी उशिरा उठाल, तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा. आपल्या नांदेडलाही निजामाच्या वेळची उस्मानशाही गिरणी होती. तिच्या भोंग्यावर नांदेडची घरे उठत आणि जेवत. आता तो भोंगा नाही. कापूस आपल्या रानातच पिकतो आणि गाठी होऊन बाहेर जातो. सदरा होऊन परत येतो, तेव्हा मधल्या तेरा माणसांपैकी आपल्या तालुक्यात राहिलेले असते फक्त पहिले माणूस, म्हणजे कापूस वेचणारी बाई.

मधली माणसे कोठे गेली? ती आहेत. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात, जेथे मजुरी सर्वांत कमी, तेथे ती बसलेली आहेत. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याला आग लागली. बाहेर जाण्याचा दरवाजा कुलूपबंद होता आणि १४६ माणसे मेली. त्यांत बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० च्या वर शिवणकामगार गाडले गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर बोलाविले होते. ज्या ढाक्याच्या मलमलीने एके काळी बादशहांची अंगे झाकली, त्याच ढाक्याच्या लेकी शंभर वर्षांनंतरही न्यूयॉर्कच्या मुलींप्रमाणेच मेल्या. यंत्र बदलले, देश बदलला, पण शिवणाऱ्याच्या शब्दाला किंमत नव्हती ती नव्हतीच.

आता पुन्हा घरी येऊ. हातमागाची आपल्या देशात मोठी वार्ता चालते. सरकारी गणतीचे आकडे असे: १९९५ च्या गणतीत सुमारे ६५ लाख हातमाग कामगार, २००९-१० मध्ये ४३ लाख आणि २०१९-२० मध्ये ३५ लाख. त्यांतही पुष्कळ मोठा भाग बायकांचा आहे. पंचवीस वर्षांत तीस लाख माणसे ह्या धंद्यातून उठली, आणि त्याच पंचवीस वर्षांत हातमागाची प्रदर्शने, महोत्सव आणि बक्षिसे कधी नव्हती इतकी झाली. कौतुक वाढत गेले आणि माणसे उठत गेली. ह्याचा अर्थ आपण लावावा.

गांधीजींना हे फार आधी कळले होते. खादी म्हटली की आपल्याला चरखा आणि त्याग आठवतो. आम्हाला १९३५ सालचा एक निर्णय आठवतो. कातणाऱ्या बायकांना दिवसभर कातून चार पैसेही सुटत नाहीत, हे पाहून गांधीजींनी चरखा संघापुढे हट्ट धरला की, कातणारीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. खादी महाग झाली आणि कार्यकर्ते कुरकुरले. पण देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. त्याच्या तेरा वर्षे आधी झोपडीतल्या कातणारीसाठी हे तत्त्व मांडले गेले, ही गोष्ट प्रत्येक संघटनेच्या कचेरीत भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

आणि खादीचा विषय निघाला की नांदेडकरांनी मान ताठ करावी. स्वतंत्र भारताचा ध्वज २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने स्वीकारला. त्या वेळी आपण निजामाच्या अमलाखाली होतो. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत तिरंगा लावला आणि त्यांना अटक झाली. आपल्या भागात तेरा महिने, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, तिरंगा घरात लपविण्याची वस्तू होती. ज्या मुलखाने हे भोगले, त्याच मुलखात पुढे राष्ट्रध्वज तयार होऊ लागला. उदगीरला ध्वजाचे खादीचे कापड विणावयाचे, ते धुलाई-रंगाईसाठी बाहेर पाठवावयाचे आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचा ध्वज शिवावयाचा, असा हा क्रम. हे काम वाटते तितके सोपे नाही. भारतीय मानक संस्थेने क्रमांक एकचे जे मानक केले ते राष्ट्रध्वजाचे. सूत, वीण, रंग, तीन पट्ट्यांचे माप आणि चोवीस आऱ्यांचे चक्र, ह्यांत तसूभर चूक चालत नाही. चुकला तर तो ध्वज नाही. अंगातल्या सदऱ्याची शिवण वाकडी झाली तर आपण चालवून घेतो. ह्या बायकांना ती सवलत नाही.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. यंत्रावर विणलेल्या कापडाचा आणि पॉलिएस्टरचाही राष्ट्रध्वज चालेल असे ठरले. पुढच्या वर्षी घराघरावर तिरंगा लागला. तो लागावा ह्याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. गरिबाला दोनशे रुपयांचा ध्वज परवडत नाही, वीस रुपयांचा परवडतो, हेही आम्हाला कळते. पण देशात एक वस्तू अशी होती की, जी हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडाचीच असावी असा कायदा होता. हिशेबाच्या वहीत त्या वस्तूपुरता तरी हाताला आधार होता. तो काढून घेताना कातणारीला कोणी विचारले काय? निदान सरकारी कचेऱ्या, शाळा आणि ग्रामपंचायती ह्यांच्या मोठ्या ध्वजांची मागणी तरी खादीचीच राहील, एवढे करण्यास काय अडचण आहे? भोकर तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षाला एक ध्वज नांदेडहून घेतला, तर त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

आता भोकरच्या आसपासच्या तांड्यांकडे वळू. लमाण बंजारा समाजाचा मूळ धंदा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहण्याचा. रेल्वे आली आणि तो धंदा बुडाला. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने पुष्कळ भटक्या जमातींबरोबर त्यांच्यावरही गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ साली निघाला. ह्या सगळ्या हालअपेष्टांत त्या बायकांनी एक गोष्ट सोडली नाही, ती म्हणजे सुई. फेटिया, कांचळी, टुकरी ह्यांवरचे भरतकाम, आरसे, कवड्या आणि शिक्के आपण बाजाराच्या दिवशी पाहतो. पाहतो, म्हणजे पाहत होतो. आता ते म्हाताऱ्या बायांच्या अंगावरच उरले आहे. कर्नाटकातल्या सांडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या तांड्यांतली सुई तीच आहे, पण तिला असे नाव मिळाले नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका तांड्यावर रोजगाराचे अर्ज भरून घेण्यास गेलो होतो. एका म्हाताऱ्या याडीने पेटीतून आपल्या आईचा फेटिया काढून दाखविला. आम्ही मोजणीची सवय लागलेले, विचारले, "याडी, ह्याला किती दिवस लागले?" ती म्हणाली, "दिवस नाही बाबा, रात्री मोज. दिवसा रान असतं." मग तिने सांगितले की, दिवाळी झाली की सुई धरायची आणि होळीला नेसायचे, कधी एका होळीला होत नसे, मग दुसऱ्या होळीला. तिच्याकडे असे दोन होते. दुसरा कोठे गेला, असे विचारता ती म्हणाली, गाडीवर भांडी घेऊन एक माणूस येतो, त्याला दिला. त्याने एक स्टीलचे घमेले दिले. पुढे एका मोठ्या शहरातल्या हस्तकलेच्या प्रदर्शनात आम्ही तसल्याच जुन्या फेटियाचे तुकडे पाहिले. कापून, मागे अस्तर लावून, त्यांच्या बायकी पिशव्या केल्या होत्या. एकेका पिशवीची किंमत घमेल्याच्या कितीतरी पट होती. विकणाऱ्या बाई चांगल्या होत्या, प्रेमाने बोलत होत्या. आम्ही विचारले, हे कोणी भरले? त्या म्हणाल्या, "ट्रायबल वर्क आहे." नाव नाही, गाव नाही, रात्री नाहीत.

ह्यावर उपाय नाही असे समजू नका. अमेरिकेत अलाबामा प्रांतात काळ्या शेतमजूर बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत, अगदी आपल्या मायबहिणी वाकळ शिवतात तशा. मतदार म्हणून नाव नोंदविले, एवढ्यासाठी त्यांतल्या कित्येकांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. १९६६ साली त्यांनी आपली सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी. गोधडीचा दर संस्था ठरवी आणि पैसा शिवणारीच्या हाती येई. आपल्याच देशात, अहमदाबादेत, गिरणीच्या चिंध्यांतून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका, डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या बायका इला भट्ट ह्यांच्याबरोबर एकत्र आल्या. १९७२ साली 'सेवा' ह्या नावाने कामगार संघटना नोंदविण्यास त्या गेल्या, तेव्हा सरकारी अधिकाऱ्याने विचारले की, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर संघटना भांडणार कोणाशी? त्यांनी सांगितले, संघटना मालकाविरुद्ध काढायची नसून आमच्या एकीसाठी काढायची आहे. नोंदणी झाली. आमच्या चळवळीतल्या पुष्कळ पुरुषांना हा धडा अजून गिळवत नाही. घरात मशीन घेऊन बसलेली बाई आम्हाला कामगार वाटतच नव्हती. ही आमची दुसरी चूक. तीही येथे कबूल करतो.

आणि शेवटचे उदाहरण तर तुमच्या आमच्या लेकरांचे. सरकारी शाळांतल्या मुलांना मोफत गणवेश मिळतो. पूर्वी शाळेची समिती कापड आणून गावातल्या शिंप्याकडून तो शिवून घेई. मग 'एक राज्य एक गणवेश' अशी घोषणा झाली. २०२४-२५ च्या शालेय वर्षात कापड मध्यवर्ती पद्धतीने कापून यावे आणि महिला बचत गटांनी ते शिवावे असे ठरले. बचत गटांना काम मिळावे हा विचार चांगलाच होता. पण शिलाईचा दर वरून ठरला आणि मापही वरून ठरले. दर परवडत नाही म्हणून ठिकठिकाणच्या बायकांनी हात आखडले. पावसाळा सरला तरी कित्येक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत, आणि पोहोचले ते कोणाला आखूड तर कोणाला ढगळ. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरविला आणि काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिले.

आमचे उस्ताद म्हणत, "बेटा, कपडा काटने से पहले आदमी को देख." कात्री मुंबईत आणि मूल भोकरच्या शाळेत, अशाने सदरा कसा बसावा? पण आता काम समित्यांकडे परत आले आहे, म्हणजे ते आपल्या हातात आले आहे. तेव्हा भाषण संपविण्यापूर्वी आम्ही ह्या सभेपुढे तीन गोष्टी ठेवतो. त्या ठराव म्हणून ठेवीत नाही, कारण ठराव करून मोकळे होण्याची आपल्याला फार सवय आहे.

एक. शाळा समितीचे जे सभासद येथे बसले आहेत, त्यांनी यंदाच्या गणवेशाचे काम गावातल्याच शिंप्यांना आणि शिवणाऱ्या बायकांना द्यावे. शिलाईचा दर त्यांना बोलावून, त्यांच्यासमोर बसून ठरवावा. चहापाण्यासह अर्ध्या तासाचे काम आहे.

दोन. तांड्यावरची एखादी जुनी वस्तू कोणी भांड्यावर घेण्यास आला, तर ती देऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. गरजेला माणूस काहीही देतो. पण देण्यापूर्वी रात्री मोजा. ज्या तांड्यावरच्या दहा बाया मिळून भरतकामाचा दर ठरवितील, त्यांची सहकारी संस्था नोंदविण्याची सगळी कागदपत्रे आमची कचेरी फुकट करून देईल. हे आम्ही जाहीरपणे बोलतो आहोत, तेव्हा आम्हाला धरावे.

तीन. हे प्रत्येकासाठी. पुढच्या वेळी तुम्ही शिंप्याकडे जाल तेव्हा घासाघीस जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण घासाघीस करण्याआधी एवढेच विचारा, "ह्याला वेळ किती लागतो?" उत्तर ऐकून घ्या आणि मग दर बोला. आमचा अनुभव असा आहे की, हा प्रश्न विचारल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

हातकाम कौतुकाने टिकत नाही, दराने टिकते. जो दर करणाऱ्याला विचारून ठरतो, तो हात टिकवितो आणि जो न विचारता ठरतो तो एक तर हात उठवितो, नाही तर मोडतो. तेरपासून ढाक्यापर्यंत जो इतिहास आम्हाला वाचता आला, त्यात ह्याहून वेगळे आम्हाला सापडले नाही.

उस्ताद जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांचे मशीन त्यांच्या सुनेकडे आहे आणि ती बाई आज ह्या मंडपात मागे बसली आहे. आम्ही अंगात घातलेला हा सदरा तिनेच शिवला आहे. किती वेळ लागला, ते आम्ही विचारले होते. तिने सांगितले, "काज धरून सहा तास." काज आता ती स्वतःच करते, कारण दुकानात पोऱ्या ठेवणे तिला परवडत नाही. आणि लहान पोऱ्या ठेवू नये, तो शाळेत असावा, असे आमचे मत आहे.